फोरमवर ‘छान माहिती सर’ याच्या पुढे विद्यार्थी कसे जातील?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. एम.ए. समाजशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला ९० विद्यार्थी आहेत. बरेचसे नोकरी किंवा घर सांभाळून, मोबाइलवर शिकणारे. आठवड्याला एक तास लाइव्ह, बाकी सगळं मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर. अंतर्गत मूल्यमापनाचे ३० गुण तुमच्या हातात आहेत. तुम्ही फोरमवर विषय टाकता, त्याखाली ‘छान माहिती सर’, ‘सहमत’ अशा ओळी येतात किंवा एआयकडून आणलेले एकाच साच्यातले पाच मुद्दे चिकटवले जातात. विद्यार्थ्यांनी चिकित्सक विचार करावा म्हणून काय करता येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

खरी अडचण विद्यार्थ्यांच्या आळसात किंवा तंत्रज्ञानात नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘चर्चा करा’ या प्रश्नात विद्यार्थ्याला काहीही ठरवावं लागत नाही. दोन्ही बाजू लिहिल्या की उत्तर पूर्ण होतं, आणि दोन्ही बाजू नोट्समध्ये तयार असतात. विचार सुरू होतो तो काहीतरी ठरवायची वेळ आल्यावर: हे की ते, कशावरून, आणि कोणती गोष्ट समोर आली तर मी मत बदलेन. म्हणून सगळा जोर तीन जागी द्यायचा. प्रश्न असा हवा की निर्णय घ्यावाच लागेल. इतरांचं उत्तर दिसण्याआधी स्वतःचं उत्तर नोंदवलेलं हवं. आणि पहिल्या उत्तरावरून दुसऱ्या उत्तरापर्यंत काय बदललं, याला गुण हवेत. ऑनलाइन वर्गाचं एक बलस्थान आपण वाया घालवतो: कोणी कधी काय पाहायचं, हा क्रम तिथे शिक्षकाला ठरवता येतो. प्रत्यक्ष वर्गात पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा बोलला की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. ऑनलाइन ते टाळता येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमच्या हातात ३० गुण आहेत म्हणून पुढचं बरंचसं शक्य आहे. जिथे सगळे गुण बाहेरच्या बहुपर्यायी परीक्षेला असतात, तिथे विद्यार्थी वेळ तिकडेच घालणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाच्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन असे चार भाग आहेत. तरीही चर्चामंच बहुतेक ठिकाणी ओस पडलेला दिसतो, कारण तिथे लिहून पदरात काही पडत नाही. दुसरी गोष्ट संख्येची. ९० विद्यार्थी एका फोरमवर बोलू शकत नाहीत, गट पाडावेच लागतील. तिसरी गोष्ट विषयाची. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, व्यवस्थापन यांत हे जसंच्या तसं चालेल. गणितात किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये प्रश्नाचा घाट बदलावा लागतो.

आता प्रश्न कसा लिहायचा ते पाहू. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नेहमीचा प्रश्न असतो: ‘महाराष्ट्रातील लिंग गुणोत्तराची सविस्तर चर्चा करा.’ त्याऐवजी असं द्या. २०११च्या जनगणनेतलं दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचं प्रमाण: महाराष्ट्र ९२९, रत्नागिरी १,१२२, सिंधुदुर्ग १,०३६, मुंबई शहर ८३२. खाली एक दावा लिहा: ‘या आकड्यांवरून कोकणात स्त्रियांना मुंबईपेक्षा जास्त मान आहे हे सिद्ध होतं.’ आणि विचारा: हा दावा तुम्ही मान्य कराल का? हो किंवा नाही, यातलं एक निवडा आणि कारण द्या. याच आकड्यांचं आणखी एक स्पष्टीकरण सांगा. दोन स्पष्टीकरणांतलं कोणतं बरोबर, हे ठरवायला आणखी कोणती एकच माहिती मागाल?

या प्रश्नात चार गोष्टी आहेत आणि चारही लागतात. सामग्री इतकी थोडी आहे की मोबाइलच्या एका पडद्यावर मावते. दहा पानांची पीडीएफ दिली की अर्धे विद्यार्थी ती उघडणारच नाहीत. दावा चुकीचा असला तरी ऐकायला पटतो. उघड मूर्खपणाचा दावा दिला तर तो खोडायला विचार लागत नाही. निदान दोन-तीन स्पष्टीकरणं खरोखर शक्य आहेत: पुरुष कामासाठी मुंबईला गेले असतील, उतारवयात स्त्रिया जास्त जगत असतील, किंवा मुलींचा जन्म खरंच जास्त स्वीकारला जात असेल. आणि शेवटचा भाग, ‘कोणती माहिती मागाल’, हा माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा प्राण आहे. तो लिहिताना विद्यार्थ्याला स्वतःच्याच मताची परीक्षा ठरवावी लागते.

तुमच्या विषयातले असे प्रश्न शोधायची एक सोपी वाट आहे. ज्या आकड्यावरून किंवा उताऱ्यावरून लोक सर्रास घाईने निष्कर्ष काढतात, असे आकडे आणि उतारे जमवत जा. एका सत्राला चार पुरतात.

एका प्रश्नावरचं सगळं काम म्हणजे एक फेरी. आता एका फेरीचं वेळापत्रक. एक फेरी दोन आठवड्यांची धरा. पहिल्या सोमवारी प्रश्न टाका. गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने १२० ते १५० शब्दांत आपलं उत्तर द्यायचं. तोपर्यंत इतरांची उत्तरं दिसता कामा नयेत. शुक्रवार ते पुढचा सोमवार हा काळ प्रतिसादांचा: आपल्या गटातल्या एकाच्या उत्तराला एकच प्रतिसाद, पण नीट. मंगळवारी तुम्ही नवी माहिती टाकायची. आपल्या उदाहरणात ० ते ६ वयोगटाचं जिल्हावार प्रमाण. त्या शुक्रवारपर्यंत सुधारलेलं उत्तर आणि ५० शब्दांत ‘काय बदललं, का बदललं’ हे लिहायचं. काहीच बदललं नसेल तर ‘का बदललं नाही’ हे लिहायचं, त्यालाही पूर्ण गुण.

मूडलमध्ये यासाठी ‘क्यू अँड ए’ प्रकारचा फोरम आहे. स्वतः पोस्ट केल्याशिवाय इतरांच्या पोस्ट दिसत नाहीत. त्यात तीन ठिकाणी गाडी अडते, ती आधीच माहीत असलेली बरी. एक: पोस्ट केल्याबरोबर इतरांची उत्तरं उघडत नाहीत. संपादनाची मुदत संपावी लागते, आणि ती मुळात ३० मिनिटांची असते. विद्यार्थ्यांना वाटतं मूडल बिघडलं आणि ते पुन्हापुन्हा पोस्ट करत बसतात. सूचनेतच लिहा: ‘पोस्ट केल्यावर अर्ध्या तासाने परत या.’ दोन: ‘सेपरेट ग्रुप्स’ (प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटाचं दिसेल अशी सोय) लावून तुम्ही प्रश्न सर्वांसाठी म्हणून एकदाच टाकला, तर विद्यार्थ्यांना त्याखाली उत्तरच देता येत नाही. प्रश्न टाकताना तो सगळ्या गटांना प्रत म्हणून पाठवायचा पर्याय निवडा. तीन: काही जण नुसतं टिंब टाकून कुलूप उघडतात. टिंबाला ‘उत्तर आलं नाही’ असंच धरलं जाईल, हे पहिल्या दिवशी सांगा आणि पाळा.

मूडल नसेल तर गूगल फॉर्मवर पहिलं उत्तर घ्या, दुसऱ्या दिवशी नावं काढून गटाची उत्तरं एका पीडीएफमध्ये ग्रुपवर द्या. थोडं कष्टाचं आहे, पण काम तेच होतं.

व्हॉट्सअॅपचं काय, हा प्रश्न येणारच. कुलूप कितीही लावा, उत्तरं ग्रुपवर फिरतात. त्यावर उपाय म्हणजे गटागटाला वेगळे जिल्हे द्या. सात-आठ जणांचा एक, असे बारा गट होतात. जिल्ह्यांच्या चार जोड्या केल्या तरी पुरे. तर्क एकच राहतो, आकडे बदलतात, आणि गडचिरोलीचं उत्तर रत्नागिरीला चिकटवलं की लगेच कळतं.

प्रतिसादांकडे वळू. इथे मला आपल्याच परंपरेतली एक शिस्त फार उपयोगाची वाटते. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत. मगच उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. विद्यार्थ्यांना हाच नियम द्या: पहिल्या वाक्यात समोरच्याचं म्हणणं सांगा, दुसऱ्यात ते कोणत्या कारणावर उभं आहे ते सांगा, तिसऱ्यात त्या कारणावरून तो निष्कर्ष निघतो की नाही ते सांगा. तीन वाक्यं पुरतात. ‘सहमत’ लिहायला जागाच उरत नाही, कारण सहमत असलात तरी कारण तपासावं लागतं.

न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले, प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण हे तीन शब्द मराठी विद्यार्थ्यांना चटकन समजतात. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. आणि हेत्वाभासांपैकी (हेतू वाटणाऱ्या पण सदोष कारणांपैकी) एकच शिकवायचा झाला तर ‘सव्यभिचार’ शिकवा: जो हेतू साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचं ते) नसलेल्या ठिकाणीही सापडतो, तो साध्य सिद्ध करू शकत नाही. स्त्रियांची संख्या जास्त असणं हे जिथे मान आहे तिथेही सापडेल, आणि जिथून पुरुष कामाला बाहेर गेलेत तिथेही सापडेल. मग त्या संख्येवरून मान कसा सिद्ध होणार? एवढं एकदा नीट कळलं की विद्यार्थी वर्तमानपत्रातल्या बातम्यांतही ते शोधू लागतात. पाश्चात्त्य तर्कशास्त्रातल्या चुकांची वीस नावांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे एक हत्यार धारदार करणं बरं.

मतभेदाची भाषाही शिकवावी लागते. वर्गात कोणी चाळिशीची अंगणवाडी सेविका असते, कोणी बावीस वर्षांचा मुलगा. ‘ताई, तुमचं चुकतंय’ असं लिहायला तो मुलगा धजत नाही, आणि त्याने लिहिलं तर ताई पुन्हा फोरमवर येत नाहीत. म्हणून वाक्यांची सुरुवात तयार करून द्या: ‘या कारणावरून हा निष्कर्ष निघायला आणखी … हे खरं असावं लागेल’, ‘हाच आकडा … मुळेही येऊ शकतो’, ‘मला हे पटलं असतं, जर …’. बोट माणसाकडे न जाता कारणाकडे जातं. पहिल्या दोन फेऱ्या हे साचे वापरू द्या, पुढे ते आपोआप गळून पडतात. जात, आरक्षण, धर्म असे विषय पहिल्या फेरीत घेऊ नका. ते टाळायचे नाहीतच, समाजशास्त्रात ते टाळून कसं चालेल? पण आधी जिथे कोणाची ओळख पणाला लागलेली नाही अशा प्रश्नावर शिस्त बसू द्या.

तुम्ही स्वतः कधी बोलायचं, हे फार महत्त्वाचं आहे. प्रतिसादांच्या पहिल्या दोन दिवसांत काहीही लिहू नका, कौतुकसुद्धा नको. शिक्षकांनी ‘उत्तम मुद्दा’ लिहिलं की बाकीचे त्या मुद्द्याकडे धावतात आणि चर्चा संपते. मंगळवारी एकच पोस्ट टाका: गटातल्या तीन-चार विद्यार्थ्यांची वाक्यं जशीच्या तशी घ्या, त्यांत कुठे विरोध आहे ते दाखवा, आणि नवी माहिती द्या. निकाल सांगू नका.

ऑनलाइन चर्चेचं गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलेलं एक प्रारूप आहे. त्यात विचाराच्या चार पायऱ्या आहेत: प्रश्न पडणं, शोध घेणं, जोडणी करणं आणि निष्कर्षाला येणं. अनेक अभ्यासांत असं दिसलं आहे की चर्चा दुसऱ्या पायरीवरच रेंगाळते. मुद्द्यांची भर पडत राहते, जोडणी होत नाही. याचं कारण सरळ आहे: जोडणी करायला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ते सुधारलेलं उत्तर हवं. ते काढून टाकलं तर बाकीची सगळी रचना कोलमडते.

गुणांचं गणित असं बसवा. सत्रात चार फेऱ्या. पहिली सरावाची, बिनगुणांची. पुढच्या तीन प्रत्येकी दहा गुणांच्या. दहातले दोन गुण दावा स्पष्ट आहे का यासाठी, तीन पुरावा दाव्याशी जोडला आहे का यासाठी, तीन दुसरं स्पष्टीकरण खरोखर तपासलं का यासाठी, आणि दोन बदलाच्या नोंदीसाठी. मत कोणत्या बाजूचं आहे याला शून्य गुण. प्रतिसाद दिला नाही तर बदलाचे दोन गुण मिळणार नाहीत, एवढा दट्ट्या पुरतो. ‘किमान तीन पोस्ट’ अशी मोजणी मात्र करू नका. मोजणी लावली की पोस्टची संख्या वाढते आणि आशय पातळ होतो.

रुब्रिक, म्हणजे हे गुण देण्याचे निकष, नुसतं वाचून कोणाला कळत नाही. सरावाच्या फेरीआधी तीन नमुने द्या आणि विद्यार्थ्यांनाच गुण द्यायला सांगा. आपल्या प्रश्नाचे नमुने असे (बदलाच्या नोंदीचे दोन गुण मिळाले असं धरून):

‘रत्नागिरीत स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे. यावरून कोकणात स्त्रियांना मान आहे हे दिसून येतं. इतर जिल्ह्यांनी हा आदर्श घ्यावा.’ यात दावा आहे, पण आकडा आणि मान यांची जोडणी गृहीत धरली आहे. दहापैकी तीन.

‘रत्नागिरीतले पुरुष नोकरीसाठी मुंबईत राहतात, म्हणून तिथे स्त्रिया जास्त दिसतात आणि मुंबईत कमी.’ निष्कर्ष बरोबरच्या बाजूला आहे, पण हेच कारण का, दुसरं का नाही, हे सांगितलेलं नाही. पाच-सहा. या नमुन्यावर विद्यार्थी हमखास अडखळतात. ‘उत्तर तर बरोबर आहे, मग गुण का कापले?’ असं विचारतात. ही चर्चा लाइव्ह तासात होऊ द्या, घाई करू नका. बरोबर उत्तर आणि सिद्ध केलेलं उत्तर यांतला फरक इथेच कळतो.

‘स्थलांतराचं कारण मला जास्त पटतं. जन्माच्या वेळी साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे असतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. त्यामुळे १,१२२ हा आकडा नुसत्या जन्मांतून येऊ शकत नाही. मात्र म्हाताऱ्या स्त्रिया जास्त जगतात, हेही कारण असू शकेल. मला २० ते ४० वयातलं प्रमाण हवं. तिथेही स्त्रिया बऱ्याच जास्त असतील तर स्थलांतर. फक्त साठीच्या पुढे जास्त असतील तर आयुर्मान.’ हे नऊ गुणांचं उत्तर. भाषा साधी आहे, एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरीही यात विचार आहे हे विद्यार्थ्यांना दाखवून द्या. ग्रामीण भागातल्या मुलांना वाटत असतं की चिकित्सक लिहिणं म्हणजे जड लिहिणं. तो समज मोडायलाच हवा.

तपासायला वेळ किती लागतो? प्रत्येक उत्तराला चार मिनिटं दिली तर ९० उत्तरांना सहा तास. दर फेरीला हे झेपणार नाही आणि तिसऱ्या फेरीत तुम्ही नुसते गुण टाकू लागाल. म्हणून पाळी लावा. प्रत्येक फेरीत ३० जणांना सविस्तर अभिप्राय, चार मिनिटांप्रमाणे दोन तास. उरलेल्या ६० जणांना फक्त रुब्रिकचे गुण, एक मिनिटाप्रमाणे एक तास. तीन फेऱ्यांत प्रत्येकाला एकदा तरी सविस्तर अभिप्राय मिळतो. अभिप्रायात तीनच गोष्टी असू द्या: कोणतं वाक्य सगळ्यात भक्कम आहे, कोणती जोडणी निसटली आहे, आणि एक प्रश्न.

एआयबद्दल. बंदी घालून उपयोग होत नाही, आणि मजकूर एआयचा आहे का हे सांगणारी सॉफ्टवेअर इतकी बेभरवशाची आहेत की त्यांच्या जोरावर कोणावर आरोप करू नये. एखादी प्रामाणिक विद्यार्थिनी त्यात सापडली तर ती कायमची मिटून जाते. त्यापेक्षा कामाची रचना बदला. गटागटाचे वेगळे आकडे, आधीच्या पोस्टमधल्या नेमक्या वाक्याला प्रतिसाद, आणि स्वतःच्या पहिल्या उत्तराशी तुलना, या तीन गोष्टी एआयकडून करून घेण्यापेक्षा स्वतः करणं सोपं पडतं. त्याच्या जोडीला दर फेरीत लाइव्ह तासात चिठ्ठ्या टाकून दहा जणांना दोन-दोन मिनिटं बोलवा. प्रश्न एकच: ‘तुम्ही मागितलेली माहिती उलट निघाली असती तर तुम्ही काय म्हणाला असता?’ वीस मिनिटं जातात. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते म्हणून तयारी सगळे करतात. ज्यांचं नेटवर्क टिकत नाही त्यांच्याकडून एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज घ्या.

एका फेरीत एआयचं उत्तरच तपासायला द्या. त्यातला आकडा कुठून आला हे तपासायला एक सुंदर उदाहरण हाताशी आहे. २०११ची महाराष्ट्राची ० ते ६ वयोगटातली आकडेवारी इंटरनेटवर दोन प्रकारची मिळते: कुठे हजार मुलग्यांमागे ८८३ मुली, कुठे ८९४. दोन्ही जनगणनेचेच आकडे आहेत. पहिला तात्पुरता, २०११मध्ये लगेच जाहीर झालेला. दुसरा नंतर आलेला अंतिम. विद्यार्थ्याने कोणता आकडा वापरला, तो कुठून घेतला, दुसरा का सोडला, हे तीन ओळींत लिहायला सांगा. स्रोत कसा तपासायचा यावर व्याख्यान देण्यापेक्षा हे काम जास्त शिकवतं.

तपासण्याची रीतही दाखवावी लागते. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की व्यावसायिक तथ्य-तपासनीस एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर फार वेळ थांबत नाहीत. ते लगेच बाहेर पडून त्या स्थळाबद्दल इतर काय म्हणतात ते पाहतात. इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी मात्र त्याच पानावर थांबून, त्याचं रूप पाहून अंदाज बांधत राहिले. मोबाइलवर शिकणाऱ्यांना दोन टॅबमध्ये ये-जा करणं जिकिरीचं जातं, तेव्हा लाइव्ह तासात स्वतःच्या मोबाइलचा पडदा शेअर करून एकदा करून दाखवा. लॅपटॉपवरून दाखवलं तर त्यांना त्यांचं वाटत नाही.

लाइव्ह तासाबद्दल थोडक्यात. व्याख्यान आधी रेकॉर्ड करून द्या, १० ते १२ मिनिटांच्या तुकड्यांत. तासात एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये १९९१च्या सुमारास भौतिकशास्त्रासाठी सुरू केलेली रीत वापरा: प्रश्न, प्रत्येकाचं वेगळं मत, आपसात बोलणं, पुन्हा मत. प्रश्न असा: ‘एका तालुक्यातून ५०० पुरुष एकटे शहरात कामाला गेले. तालुक्याच्या ० ते ६ वयोगटातल्या प्रमाणावर याचा थेट परिणाम काय?’ वाढेल, घटेल, काही नाही. बरेच जण ‘वाढेल’ म्हणतात, कारण एकूण प्रमाण आणि मुलांचं प्रमाण यांची गल्लत होते. पहिल्या पोलचा निकाल दाखवू नका, दाखवला तर सगळे बहुमताकडे सरकतात. बरोबर उत्तर देणारे ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर तीन-चार जणांच्या ब्रेकआउट खोल्यांत (लाइव्ह तासातच पाडलेल्या छोट्या वेगळ्या गटांत) चार मिनिटं बोलू द्या. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावा, जास्त असतील तर पुढे जा. ब्रेकआउट खोल्यांत नेटवर्क तुटत असेल तर चॅट वापरा: ‘सगळ्यांनी कारण लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.’ तीन मिनिटांनी एकदम पाठवायला सांगितलं की कोणी कोणाचं पाहून लिहीत नाही.

एक टप्पा असा येईल की तुम्हाला वाटेल सगळं फसलं. सुरुवातीला विद्यार्थी विचारतात, ‘सर, पण बरोबर उत्तर कोणतं?’ ते ओसरलं की दुसरं टोक येतं: ‘प्रत्येकाचं मत वेगळं असतं, सगळीच बरोबर.’ हार्वर्डमधल्या विल्यम पेरींनी १९७०मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत ही दोन्ही टोकं आहेत. दुसरं टोक उदार वाटतं म्हणून शिक्षक तिथेच समाधान मानतात. मला ते पहिल्यापेक्षा धोक्याचं वाटतं, कारण तिथे पुराव्याचं ओझंच उतरतं. तिथे थांबू देऊ नका. प्रत्येक वेळी एकच विचारा: ‘कोणती माहिती आली तर तुमचं मत बदलेल?’ ‘कोणतीच नाही’ असं उत्तर आलं तर ते मत नाही, श्रद्धा आहे. श्रद्धा ठेवायला हरकत नाही, पण त्याला या रुब्रिकमध्ये गुण नाहीत, हे आदराने पण स्पष्ट सांगा.

पंधरा आठवड्यांच्या सत्रात फेऱ्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात सुरू करा. दर आठवड्याला फेरी लावली तर नोकरी करणारे विद्यार्थी गळतात आणि तुम्हीही थकता. सरावाची फेरी वाईट जाईल, निम्म्या पोस्ट उशिरा येतील, कोणी प्रतिसादच देणार नाही. तरी वेळापत्रक हलवू नका. एकदा मुदत वाढवली की पुढच्या प्रत्येक फेरीत सगळे वाट पाहत बसतात.

शेवटच्या फेरीत प्रश्न तुम्ही लिहू नका. प्रत्येक गटाला सांगा: चार-पाच आकडे किंवा एक लहान उतारा निवडा, त्यावर ऐकायला पटणारा पण न टिकणारा दावा लिहा, आणि त्याची दोन पर्यायी स्पष्टीकरणं व ती वेगळी करणारी माहिती आपल्याजवळ झाकून ठेवा. मग गटांनी एकमेकांचे प्रश्न सोडवायचे. यातले चांगले तीन-चार प्रश्न बाजूला काढून ठेवा, पुढच्या तुकडीच्या पहिल्या फेरीला ते उपयोगी पडतील.